दोष कानात की यंत्रात?



आजवर मी आपणांशी बोललो ते खते, बियाणे, कीड आणि रोग यांविषयी. आज विषय जरा निराळा आहे. घरातल्या संगणकाचा आवाज बिघडला तर काय पाहावे, काय करावे आणि काय करू नये, हे सांगायचे आहे. आपण म्हणाल, "साहेब, जन्म बांधाबांधावर हिंडण्यात गेला, आता हे काय मध्येच काढले?" पण आता खेड्यातही संगणक आला आहे. कोणी पोरांच्या शिक्षणासाठी जुना का होईना घेतला आहे, कोणी संस्थेचे हिशेब त्यावर लिहितो, कोणी परगावच्या लेकीचे तोंड दिसावे म्हणून ठेवला आहे. आणि तो मुका झाला की घरचा माणूस त्याला चादरीत गुंडाळून तालुक्याच्या दुकानात नेतो. तसा मीही नेला होता. शिवाय या भानगडीत माझ्या हातून एक चूक झाली, ती मला अजून बोचते. म्हणून आधी ती सांगतो. यंत्राचे मग पाहू.

माझ्या आईचे वय ऐंशीच्या घरात आहे. डावा कान बऱ्याच वर्षांपासून मंद. तिच्याशी बोलायचे तर उजव्या अंगाला बसायचे, हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक. थोरली लेक लग्नानंतर बेंगळुरूला असते. दर रविवारी सायंकाळी सातला ती संगणकावर भेटते. पडदा मोठा, त्यामुळे सगळ्यांना सगळे दिसतात. नात चार वर्षांची आहे. तिला पणजीला काहीतरी सांगितल्याशिवाय करमत नाही आणि पणजीला ते ऐकल्याशिवाय. रविवारी पाच वाजले की आई हातपाय धुऊन, धुतलेले लुगडे नेसून खुर्चीत येऊन बसायची. दोन तास आधी!

मागच्या उन्हाळ्यात संगणकाच्या दोन स्पीकरांपैकी उजवा खरखर करू लागला. मी आवाजाच्या सेटिंगमध्ये जाऊन उजव्या बाजूचा आवाज शून्यावर नेला. खरखर थांबली. ‘सवडीने बघू’ म्हटले. मग खरीप आला, पेरण्या आल्या, पंचनामे आले, आणि सवड काही मिळाली नाही. आपण नाही का गळका कॉक तारेने आवळून ठेवतो आणि पुढे विसरून जातो, त्यातलाच हा प्रकार.

दिवाळीला चिरंजीवांनी आजीसाठी हेडफोन आणला. दोन्ही कानांवर बसणारा, मऊ गादीचा. हेतू चांगला होता. त्याची पिन स्पीकरच्याच पुढच्या भोकात बसते आणि ती बसली की स्पीकर बंद होतात. म्हणून आधी आम्ही सगळ्यांनी बोलून घ्यायचे आणि मग आईच्या कानांवर हेडफोन चढवायचा, असे ठरले. पहिल्याच रविवारी आई म्हणाली, "मला काय ऐकू येईना."

मी तिच्या मागे उभा होतो. वाकून हेडफोनची हाताशी आलेली बाजू उचलली आणि कानाला लावली. नात खणखणीत बोलत होती.

"आई, एवढा मोठा आवाज येतोय की!"

"आरं, ह्या उजवीकडनं ती बोलतच न्हाई," आई म्हणाली.

हे वाक्य मी ऐकले, पण मनावर घेतले नाही. म्हातारे माणूस आहे, चालायचेच, असे म्हणून आवाज शंभरावर नेला. शंभरावर आवाज मोठा होतो, पण फाटतो, आणि फाटलेला आवाज मंद कानाला अधिकच कळत नाही. आईने दोन-तीन रविवार काढले. मग एके दिवशी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे बाबा. माझंच कान गेलं आता." त्यानंतर रविवारी सात वाजले की ती पडवीत जाऊन सूप घेऊन बसू लागली. आतून नात "पणजी कुठंय?" म्हणून विचारायची. आम्ही सांगायचो, "अगं, पणजीला आता ऐकू येत नाही."

बघा, एका वाक्यात आम्ही निकाल लावून मोकळे झालो. आणि ती बाहेर बसून ते ऐकत होती! पडवीतून आतले बोलणे ऐकू येणाऱ्या बाईचे कान गेले असे आम्ही म्हणत होतो. रोज सकाळी ट्रान्झिस्टरवर सांगली केंद्र ती उशाशी लावायची, त्यातले बाजारभाव न्याहारीच्या वेळी आम्हांलाच सांगायची. इतका ढळढळीत पुरावा समोर असून माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

आता माझा पेशा काय? सोयाबीन पिवळे पडले की शेतकरी बंधू फवारणीचा पंप पाठीवर घेऊन निघतो, तेव्हा त्याला अडवायचे. पिवळेपणा कोठे आहे ते पाहा म्हणायचे. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर तो लोहाच्या कमतरतेचा प्रकार. पानावर पिवळे-हिरवे वेडेवाकडे चट्टे असतील तर पिवळा मोझॅक, तो पांढऱ्या माशीने पसरतो. दोन्हींना ‘पिवळे पडले’ असेच म्हणतात, पण उपाय निराळे. हे मी शेकडो वेळा सांगितले असेल. घरी मात्र निदान न करताच फवारणी केली. कशी, ते ऐका.

एका रात्री मी आवाजाच्या सेटिंगमधले दिसेल ते बदलत सुटलो. काय बदलले, आधी काय होते, काही टिपून ठेवले नाही. मग ‘रिसेट’ असे बटण दिसले, तेही दाबले. आईच्या तक्रारीत काडीचा फरक पडला नाही. मग यंत्र तालुक्याला नेले. दुकानदाराने तपासल्यासारखे केले, पडद्याची जुनी वायर बदलून नवी एचडीएमआय वायर दिली आणि सांगितले की आवाजाचा दोष राहिला तर सगळे पुसून विंडोज नव्याने टाकावी लागेल. घरी आणून जोडले तर आता दोन्ही स्पीकर ठार मुके! म्हणजे आधी निम्मे दुखणे होते, ते पूर्ण झाले. सगळे पुसायला मी तयार झालो नाही, कारण त्यात लेकीच्या लग्नाचे फोटो होते आणि त्यांची दुसरी प्रत मी केली नव्हती. (आपण अशी प्रत अवश्य करून ठेवा. मी आता केली आहे.)

संक्रांतीनंतर आईला कानाच्या तपासणीला नेले. यंत्र घ्यावे लागेल या तयारीने गेलो होतो. तपासणाऱ्या बाईंनी एकेका कानाला निरनिराळे आवाज देऊन पाहिले आणि सांगितले, "डावा कान बराच कमी आहे, पण उजवा वयाच्या मानाने चांगला आहे." परतताना एस.टी.त मी आईच्या उजव्या अंगाला बसलो होतो. ती बाहेर पाहत हळूच म्हणाली, "मी सांगत हुते तुला."

त्या रात्री जेवण झाल्यावर मी हेडफोन घेतला, माझ्या मोबाइलला जोडला आणि दोन्ही कानांवर नीट घातला. दोन्हीकडून आवाज आला. म्हणजे हेडफोन धड होता. मग आठवले की दिवाळीत मी आईच्या मागून उचलून पाहिली ती डावीच बाजू होती. जी बाजू बोलत होती ती तिच्या मंद कानावर, आणि जी मुकी होती ती चांगल्या कानावर! उजवी बाजू मुकी कोणी केली, हे आठवायला आणखी थोडा वेळ लागला. आठवल्यावर मात्र मला घाम फुटला. ती मीच उन्हाळ्यात शून्यावर नेऊन ठेवली होती.

असो. आता यंत्राकडे वळू.

बंधूंनो, ज्यांच्याकडे ठिबक आहे त्यांना संगणकाचा आवाज समजायला अजिबात जड जाणार नाही. विहिरीतले पाणी मोटारीतून फिल्टरमध्ये, तेथून मेन लाइनला, सबमेनला, मग लॅटरल आणि शेवटी ड्रिपर. वाटेत ठिकठिकाणी कॉक. त्यांतला कोणताही एक बंद असला तर टोकाचे झाड वाळते, मग बाकीचे सगळे कॉक पूर्ण उघडले तरी उपयोग नाही. आवाजाचेही तसेच आहे. ज्या कार्यक्रमात आपण बोलतो किंवा गाणे ऐकतो त्याचा स्वतःचा एक कॉक असतो. मग विंडोजमध्ये प्रत्येक कार्यक्रमासाठी निराळा कॉक, त्याला व्हॉल्यूम मिक्सर म्हणतात. मग सगळ्यांचा मिळून एक मोठा कॉक. पुढे पाण्याला शेत कोणते द्यायचे, म्हणजे स्पीकर, हेडफोन की पडदा, हे ठरवणारा फाटा. त्या शेताचे डावे आणि उजवे असे दोन सबमेन. आणि शेवटी वायर, पिन आणि स्पीकरवरचे फिरवायचे बटण. आमच्याकडे उजवा सबमेन बंद होता आणि मी मोटारीचा दाब वाढवत बसलो होतो.

तपासणी हाताजवळच्या टोकापासून सुरू करावी. स्पीकरचा दिवा लागतो का? बटण कमी केलेले नाही ना? संगणकाच्या मागे रंगीत भोके असतात. त्यांत हिरवे ते स्पीकरचे, गुलाबी माइकचे. केर काढताना पिन निघाली आणि चुकीच्या भोकात बसली, असे पुष्कळ घरी होते. मग पडद्यावर उजवीकडे खाली, घड्याळाजवळ, कर्ण्याचे छोटे चित्र असते. त्यावर फुली किंवा आडवी रेघ असेल तर आवाज बंद केलेला आहे. हे सगळे ठीक असेल तर यंत्र एकदा बंद करून पुन्हा सुरू करावे. हसू नका, निम्मी दुखणी एवढ्यानेच जातात.

तरीही आवाज नसेल तर ‘सेटिंग्ज’ उघडून ‘सिस्टीम’ आणि त्यात ‘साउंड’ येथे जावे. पहिल्यांदा पाहायचे ते आउटपुट, म्हणजे पाणी कोणत्या शेताला चालले आहे. दुकानातून आल्यावर आमचा संगणक ठार मुका झाला तो येथेच. जुनी वायर फक्त चित्र नेत होती. एचडीएमआय वायर चित्राबरोबर आवाजही नेते. त्यामुळे विंडोजने आवाज पडद्याकडे वळवला, आणि आमच्या पडद्याला स्पीकरच नाहीत! तेथे पडद्याचे नाव होते ते बदलून स्पीकर निवडले, आणि क्षणात आवाज आला. बिनतारी ब्लूटूथचा कर्णा एकदा जोडलेला असेल तर तोही असाच आवाज पळवतो, मग तो शेजारच्या खोलीत का असेना.

फक्त एकाच कार्यक्रमाचा आवाज येत नसेल आणि बाकीचे बोलत असतील, तर ‘व्हॉल्यूम मिक्सर’ पाहावा. विंडोज ११ मध्ये तेथेच खाली ‘रिसेट’ हे बटण आहे. विंडोज १० मध्ये त्याच कामाचे पान ‘ॲप व्हॉल्यूम’ या नावाने साउंडच्या पानावरून उघडते. त्याने सर्व कार्यक्रमांचे आवाज आणि त्यांच्या वाटा पूर्ववत होतात. फोटो, पत्रे, हिशेब यांना धक्का लागत नाही. पण येथे एक धोक्याची सूचना. सेटिंग्जमध्ये ‘रिकव्हरी’ म्हणून वेगळे पान आहे, तेथे ‘रिसेट धिस पीसी’ असे लिहिलेले असते. ते आवाजाचे बटण नव्हे! ते अख्खे यंत्र नव्याने मांडते. त्यात आपण फाइली ठेवायला सांगितल्या तरी नंतर टाकलेले कार्यक्रम जातात, आणि सगळे काढायला सांगितले तर काहीच राहत नाही. नाव सारखे म्हणून बाटली सारखी समजू नये. तणनाशकाची आणि कीटकनाशकाची अदलाबदल झाली तर काय होते, हे आपणांस सांगायला नको.

या आवाजाच्या रिसेटने आमचा दोष गेला नाही, कारण डाव्या-उजव्याचा तोल निराळ्या ठिकाणी असतो. साउंडच्या पानावर आपल्या स्पीकरचे नाव दाबले की विंडोज ११ मध्ये लेफ्ट चॅनल आणि राइट चॅनल अशा दोन पट्ट्या दिसतात. विंडोज १० मध्ये ‘डिव्हाइस प्रॉपर्टीज’ उघडावे लागते. आमच्याकडे लेफ्ट शंभर आणि राइट शून्य. उजवी पट्टी सरकवून डावीच्या बरोबर आणली. एवढेच काम होते. दिवाळी ते संक्रांत आईने पडवीत काढली ती एवढ्यासाठी.

आणखी एक सोय मला तेव्हाच सापडली आणि ती ज्यांच्या घरी एका कानाने कमी ऐकणारे वडीलधारे आहेत त्यांनी अवश्य करावी. तिचे नाव ‘मोनो ऑडिओ’. विंडोज ११ मध्ये ती ‘ॲक्सेसिबिलिटी’ या भागात ‘ऑडिओ’ येथे आहे, विंडोज १० मध्ये त्याच भागाला ‘ईज ऑफ ॲक्सेस’ म्हणतात. गाण्याच्या बऱ्याच ध्वनिमुद्रणांत डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरे असे आवाज वाटून दिलेले असतात. दोन्ही कान चांगले असतील तर त्यात गोडी आहे; पण एकच कान असेल तर अर्धे भजन हरवते. टाळ ऐकू येतात, पखवाज येत नाही. मोनो सुरू केले की दोन्हींतला सगळा आवाज एकत्र होऊन दोन्ही बाजूंना सारखा जातो. आईचा ट्रान्झिस्टर तिला नीट ऐकू येत होता त्याचे कारणही हेच. त्याला एकच कर्णा, त्यातून सगळे येते, आणि तो ती उजव्या कानाशी ठेवते. वय झाले की उंच, बारीक आवाज आधी कमी ऐकू येतात आणि लहान मुलांचा आवाज तसाच असतो, हेही ध्यानात ठेवावे. नात बोलते तेव्हा आवाज वाढवण्यापेक्षा तिला सावकाश बोलायला सांगितले तर आईला अधिक कळते.

भजन लावलेले असताना लेकीचा फोन आला की भजन आपोआप बारीक होते, हे यंत्र बिघडल्याचे लक्षण नाही. बोलणे सुरू झाले की बाकीचे आवाज ८० टक्के कमी करावेत, असे विंडोजने मुळातच ठरवून दिलेले आहे. जुन्या ‘साउंड कंट्रोल पॅनेल’मध्ये ‘कम्युनिकेशन्स’ या ठिकाणी ते बदलता येते. आम्ही बदललेले नाही, चांगलेच आहे ते.

शेवटचा उपाय म्हणजे ‘डिव्हाइस मॅनेजर’मधून आवाजाचे यंत्र काढून संगणक पुन्हा सुरू करणे. सुरू होताना विंडोज ते सहसा आपले आपण परत बसवते. हा उपाय खरा, पण वरचे सगळे पाहून झाल्यावर. आणि एका वेळी एकच बदल करा. आधीचा आकडा वहीत लिहा, बदल करा, ऐका, फरक नसेल तर होते तसे ठेवा आणि मगच पुढे चला. ज्यांच्याकडे अजून विंडोज १० आहे त्यांनी हेही लक्षात घ्यावे, की मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिचा नेहमीचा आधार थांबवला. आवाज त्यामुळे बंद पडत नाही; पण त्यानंतर आवाज गेला म्हणून कोणी सगळा दोष त्यावर ढकलील, तर आधी पिन पाहा.

पिनेवरून आठवले. सगळे झाल्यावर मी त्या उजव्या स्पीकरची खरखरही पाहिली. हिरव्या भोकातली पिन अर्धवट बसली होती. अंगठ्याने दाबली, ‘टक्’ झाले, खरखर गेली. उन्हाळ्यात एवढे केले असते तर आज आपणांस सांगायला माझ्याकडे काहीच नसते.

त्या रविवारी आईला बोलवायला मी स्वतः पडवीत गेलो. ती म्हणाली, "कशाला? मला कुठं काय कळतंय." मी म्हटले, "आई, चूक माझी होती. यंत्राची उजवी बाजू मीच बंद केली होती." ती काही बोलली नाही. सूप बाजूला ठेवले, पदर सारखा केला आणि आत आली. खुर्चीत बसल्यावर हेडफोन मी चढवला. पलीकडून नात ओरडली, "पणजी, ऐकू आलं?"

आईने दोन्ही हातांनी हेडफोन धरला. तिचे ओठ थरथरले. सौभाग्यवतींनी डोळ्याला पदर लावला, मी उगीचच वायर सारखी करत राहिलो. नातीने काय काय सांगितले ते आम्हांला कळले नाही, कारण आवाज एकट्या आईलाच येत होता. ती नुसती "हं, हं" करत होती, मध्येच हसत होती. दहा-बारा मिनिटे झाल्यावर तिने मान वळवून माझ्याकडे पाहिले.

"आरं, जरा बारीक कर," ती म्हणाली, "लई वरडतीया."